मुशी म्हणजे सगळी एकच नव्हे

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात पापलेट-सुरमईला नाव असतं, भाव असतो, प्रत असते. मुशीला, म्हणजे शार्कला, फक्त 'मुशी' म्हणतात. साधी हातभर मुशी आणि दोन्ही बाजूंनी डोकं फाकलेलं कानमुशीचं पिल्लू, एकाच ढिगात. "घरात बाळंतीण आहे का? मग घेऊन जा ताई," एवढंच बोलणं.

माझ्या मते खरी अडचण हा ढीगच आहे.

झूऑलॉजीवाल्यांनी फॉर्मलिनच्या वासात फाडलेला स्कॉलिओडॉन म्हणजे हीच साधी मुशी. भारतापासून जपानपर्यंत ही एकच जात, असं बरीच वर्षं धरलं जायचं. 2010 मध्ये पश्चिम पॅसिफिककडची मुशी वेगळी जात ठरली.

एका जातीच्या आतही गट पडतात. बहामातल्या बिमिनी बेटांवर लेमन शार्कच्या पिल्लांचे डीएनए नमुने 1990 च्या दशकापासून जपलेत. त्या पिल्लांपैकी किमान सहा माद्या 14 ते 17 वर्षांनी तिथेच येऊन व्याल्या. बाळंतपण माहेरी! अमेरिकेच्या ब्लॅकटिप शार्कमध्ये आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जागेगणिक वेगळा निघाला. आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएत मात्र हा फरक पुसट होता. थोडक्यात, नर हिंडतात, माद्या आपली जागा धरून असतात.

म्हणजे अशा जातीच्या एका खाडीतल्या माद्या संपल्या, तर "समुद्र मोठा आहे, येतील दुसरीकडून" हे खोटं समाधान. देशभराचे टनांचे आकडे बघून ते कळणार नाही.

कायदे झालेत. 2001 मध्ये काही जातींना संरक्षण मिळालं, 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. चांगलंच झालं. पण कायद्याला जात दिसते, किनारा दिसत नाही. आणि जात तरी दरवेळी कुठे दिसते? 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर चक्क गंगा शार्क आढळला, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे कडक संरक्षण असलेला! तज्ज्ञांची नजर पडली म्हणून कळलं.

(कोळ्यांना शिव्या देणाऱ्या कमेंट नकोत. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात मुशी आपसूक येते.)

पुण्यात आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, कॉलेजं तर गल्लोगल्ली. पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी डीएनए मिळतो. पण मासा कुठल्या बंदरावर उतरला हेच माहीत नसेल, तर त्या तुकड्यावरून किनारा कसा ठरवणार? मालाबरोबर येणाऱ्या पावतीवर बंदराचं नाव लिहायला काय जातंय?