पीएच.डी. लवकर पाहिजे ना, लेकरा?

तर ये, बस इथं. विषय 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे स्थलांतर' हाच घे. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोद्याकडून माणसं भरभरून गाड्या निघतात. काही तुझ्याच गल्लीतून. पण त्यांच्याशी बोलायला जाऊ नकोस. बोललास की ते भलतंच नवं काहीतरी सांगतात, आणि मग ते बसून लिहावं लागतं.

त्यापेक्षा शोधगंगेवर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट पडलेत. एखादा सातारा जिल्ह्याचा उतरवून घे आणि सगळीकडचं 'सातारा' काढून 'बीड' टाक. 'बीड जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुका' असं कुठंतरी राहून जाईल. राहू दे. दोनशे पानांत महाबळेश्वरापर्यंत चढतंय कोण?

आता टक्क्यांचं बघू. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम पाठ कर. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं. त्याच्या वर नोंदणीच रद्द, तेवढं मात्र सांभाळ. सर्वज्ञात माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंत जुळले तर मोजत नाहीत. पंधरावा शब्द तुझा. 'तथापि' टाकलास तरी चालेल.

ऋणनिर्देशही तपासणीतून वगळलेला आहे, म्हणून तो बिनधास्त उचल. फक्त बायकोचं नाव बदलायला विसरू नकोस. एका पठ्ठ्याने दुसऱ्याच्याच बायकोचे 'अखंड साथ दिल्याबद्दल' आभार मानले. साम्य शून्य टक्के निघालं, घरचा निकाल वेगळा लागला. शिवाय प्रबंध मूळ आणि माझाच आहे, असं लेखी द्यावं लागतं. त्याचा मजकूर तयारच मिळतो. तो जसाच्या तसा उतरवायला कुणाची हरकत नाही.

एवढं करूनही टक्के उतरले नाहीत, तर 'प्लॅगरिझम कमी करून मिळेल' अशी पाटी शोध. पानामागे पैसे घेतात, शब्द फिरवून देतात. 'मुकादमाने दर कोयत्यामागे उचल दिली' या वाक्याचं तिथं 'पर्यवेक्षकाने प्रति वक्रशस्त्र उत्थापन प्रदान केले' होतं. कोयता म्हणजे तोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी, हे तुझ्या आईला ठाऊक आहे. पण आईला कोण विचारतंय! साम्य ७ टक्क्यांवर आलं की झालं. अर्थ किती टक्के उरला, हे मोजणारं सॉफ्टवेअर अजून विद्यापीठाने घेतलेलं नाही.

राहिली मौखिकी. बाहेरच्या परीक्षकांना स्टेशनवर घ्यायला स्वतः जा, हिमरू शाल आधीच आणून ठेव. आणि त्यांनी चष्मा पुसत 'बीडमध्ये हे महाबळेश्वर कुठं येतं हो?' असं विचारलंच, तर गप उभा राहा. गाइडसर म्हणतील, "सर, जेवण गार होतंय."