'जरा वाचून लिहा' म्हणणाऱ्या वाचकांस

गेल्या लेखात मी लिहिलं होतं की इजिप्तच्या राजांनी पिरॅमिड सोडून थीब्सच्या (आजचं लक्सर) डोंगरात थडगी खोदली, ती मुख्यतः चोरांच्या धास्तीने. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: चोरांची गोष्ट पोराटोरांना सांगायची, खरं कारण म्हणजे ही थडगी सुरू करणाऱ्या अठराव्या राजघराण्याचं मूळ गाव थीब्स आणि त्यांचा देव अमून, नंतरच्या रामसेस राजांच्या थडग्यांचे दरवाजे तर चांगले उघड्यावर होते, मग लपवलं काय, आणि अबीडोसचा, म्हणजे राजांच्या जुन्या दफनभूमीचा, लेखात पत्ताच नाही. शेवटी हे वाक्य: "सहलीहून आल्याच्या उत्साहात इतिहास लिहिता येत नाही. जरा वाचून लिहा."

शीर्षक भडक होतं, हे मान्य. 'चोरांनी हुसकावले फॅरो' याऐवजी काहीतरी सौम्य चाललं असतं. पुढच्या वेळी बघेन.

आता "जरा वाचून लिहा". महाशय, मी बडोद्याची. तिथल्या संग्रहालयात एक ममी आहे. शाळेची सहल गेली की बाकीच्या मुली तिथून पळ काढायच्या आणि बाई मला ओढून नेईपर्यंत मी काचेला नाक लावून उभी असायचे. पुढे नोकरी बँकेत झाली, पण इजिप्त सुटलं नाही. हिशेब जुळवून घरी आल्यावर रात्री मी काय वाचत बसायचे, ते आमच्या घरात विचारा. माझ्या नावापुढे पदवी नाही, हे आपल्याला सुचवायचं असेल तर सरळ लिहायचं होतं.

आणि हो, सहलीला गेले होते. त्यात लाज कसली? अठराव्या घराण्यातल्या थटमोस तिसऱ्याच्या थडग्याचं तोंड कड्याच्या कपारीत उंचावर आहे. लोखंडी जिन्याने चढावं लागतं, मी दुखऱ्या गुडघ्यांनी चढले. अशी जागा माणूस सोयीसाठी निवडतो की दार कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून, हे वर पोचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. आपण चढला आहात का? नसाल, तर 'उत्साह' हा शब्द जपून वापरावा.

वाचनच काढलंत, तर त्याचंही होऊन जाऊ द्या. पिरॅमिडचं दार उत्तरेला ठेवायची रीत शतकानुशतकांची, कारण राजा मेल्यावर उत्तरेच्या न मावळणाऱ्या ताऱ्यांत जायचा. बाराव्या घराण्यातल्या सेनुस्रेत दुसऱ्याने लाहूनला ती मोडली आणि आत जायची वाट दक्षिणेकडे, पिरॅमिडच्या बाहेर जमिनीत खोदलेल्या विहिरीतून काढली. तारे का सोडले? अमूनसाठी? त्याचा नातू अमेनेमहात तिसरा. याने हवाऱ्याला एकाच अखंड दगडातून शंभर टनांवर वजनाची कोठडी कोरून घेतली, भोवती फसव्या वाटा केल्या, छतात सरकते दगड बसवले. इंग्रज उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री १८८९ साली आत शिरला तेव्हा कोठडीत पाणी भरलं होतं आणि चोर केव्हाच येऊन गेले होते. एवढा खटाटोप वाया गेलेला पाहिल्यावर पुढच्या राजांनी काय करावं, असं आपलं म्हणणं आहे?

मग येतो इनेनी. थटमोस पहिल्याचा, म्हणजे इ.स.पू. १५०० च्या आसपासचा हा अधिकारी. राजाचं कड्यातलं थडगं मी एकट्याच्या देखरेखीखाली खोदून घेतलं, कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही, असं तो स्वतःच्या थडग्यात लिहून ठेवतो. पिरॅमिडला त्याचं पूजेचं मंदिर चिकटलेलं असायचं, म्हणजे मंदिर दिसलं की राजा कुठे आहे ते कळलंच. अठराव्या घराण्याने मंदिरं खाली शेतांच्या कडेला ठेवली आणि प्रेत डोंगरापलीकडे नेलं. माझा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा होता. आपल्या प्रतिक्रियेत तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मग नीट वाचलं कुणी नाही?

चोर ही 'पोराटोरांची गोष्ट' असेल तर रामसेस नवव्याच्या काळातल्या थडगेचोरीच्या चौकशीचे पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे दस्तऐवज) काय सांगतात? सोबेकेमसाफ राजाचा पिरॅमिड फोडणारा अमेनपनुफेर नावाचा पाथरवट त्यात कबूल करतो की पकडल्यावर आपल्या वाट्याचं वीस देबेन (हे तिथलं वजनाचं माप) सोनं भागातल्या कारकुनाला दिलं आणि सुटून पुन्हा साथीदारांत सामील झालो. मला तर हा कबुलीजबाब इजिप्तमधल्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा जास्त आवडतो, पण ते असो.

राहिले बाकीचे मुद्दे. थीब्स त्यांचं गाव होतं, हे मीही लिहिलंय, तिसरा परिच्छेद पाहा. पण बारावं घराणंही दक्षिणेतलंच, तरी अमेनेमहात पहिला पुरला गेला उत्तरेत, लिश्तला. तेव्हा गावाने सगळं सुटत नाही. रामसेस राजांचे दरवाजे मोठे होते, खरं आहे, पण ते दोनशे वर्षांनंतरचं. थटमोस पहिल्याने जे केलं त्याचं कारण इतक्या पिढ्यांनंतरच्या राजांत शोधायचं नसतं. अबीडोस मात्र राहिलं, हे मान्य: तिथे पहिल्या घराण्याचे राजे आहेतच, पण बाराव्या घराण्यातल्या सेनुस्रेत तिसऱ्यानेही तिथे डोंगराखाली थडगं खोदून घेतलं होतं.

यावर अजून काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, पण खाली नाव घाला. निनावी शिकवणीला मी यापुढे उत्तर देणार नाही.