सही केली म्हणून सगळं कबूल केलं असं होत नाही

“फॉर्मवर एकदा सही झाली की डॉक्टर पुढे काहीही करू शकतात, कोर्टातही काही चालत नाही. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागतेच. आणि फाइल हॉस्पिटलची, ती मागायची नाही.” ‘कायदेशीर माहिती’ म्हणून हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. वाचून लोक गप्प बसतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी सहीचं. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टरकडे गेली. तिने दुर्बिणीच्या तपासणीच्या फॉर्मवर सही केली. गरज पडल्यास पोट उघडावं लागेल, असंही त्यात होतं. ती भुलीत असताना डॉक्टरांच्या सहायकाने बाहेर बसलेल्या आईची सही आणली आणि गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, नळ्या, सगळं काढून टाकलं. १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती उपचाराला चालत नाही. रुग्ण सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. आईची सही तिथे निरुपयोगी. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालय म्हणालं नाही, तरीही परवानगीशिवाय शरीराला हात लावणं गैरच ठरलं. भरपाई मात्र फक्त २५,००० रुपये, शिवाय डॉक्टरांची फी बुडाली. हा आकडा मला आजही चीड आणतो.

याच निकालात रुग्णाला काय सांगायचं तेही आहे: उपचार कसला, कशासाठी, दुसरा पर्याय कोणता, मोठे धोके कोणते, नाही केला तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारा त्रास वाचून दाखवायची सक्ती नाही, आणि ते बरोबरच आहे. पण थिएटरच्या दाराशी, स्ट्रेचरवर, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी असलेला छापील फॉर्म पुढे करून “इथे करा” म्हणणं यात बसत नाही.

मेसेजमध्ये खरं एवढंच की अपघातातला बेशुद्ध माणूस आला, नातेवाईक नाहीत आणि वेळ नाही, तर संमतीविना उपचार करता येतात. करायलाच हवेत.

नवऱ्याच्या सहीचा समज बहुधा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतून आला असावा. त्यात ‘पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास पालक, किंवा स्वतः रुग्ण’ अशी ढिसाळ वाक्यरचना आहे. पण सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या वतीने नवरा संमती देऊ शकत नाही. गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नसबंदीलाही जोडीदाराची संमती लागत नाही, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. हॉस्पिटलं नातेवाइकांची सही घेतात ती उद्या भांडण नको म्हणून.

फाइलचं उत्तर त्याच २००२ च्या नियमांत आहे. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. झेरॉक्सचे पैसे घेतील, ते द्या. अर्ज मात्र लेखी करा आणि तारीख घातलेली पोच घ्या, म्हणजे ‘तुम्ही मागितलंच नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही.