पेंटाचे तीन डोस झाले, पण पाचव्या वर्षीचा?

मुलाचं लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या रकान्यांत पेंटाच्या, म्हणजे घटसर्पासह पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, तारखा बहुधा नीट भरलेल्या असतात. १६ ते २४ महिन्यांचा बूस्टर आणि ५ ते ६ वर्षांचा दुसरा बूस्टर, हे रकाने मात्र कित्येक कार्डांवर कोरे. मूल चालायला लागलं की कार्ड कपाटात जातं, ते शाळेच्या प्रवेशालाच बाहेर येतं.

पेंटा असो की बूस्टरची त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस), त्यातला घटसर्पाचा भाग म्हणजे त्या जंतूचं निष्प्रभ केलेलं विष. त्यातून आलेली प्रतिकारशक्ती काही वर्षांत उतरते, म्हणून बूस्टर. ते राहतात म्हणूनच आपल्याकडे आता घटसर्प शाळकरी मुलांत बराच दिसतो. पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस असते, हे तर अनेक पालकांच्या गावीही नसतं. सरकारी केंद्रात हे सगळं मोफत मिळतं.

डोस राहिलाय म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे. त्रिगुणी सात वर्षांपर्यंत चालते, त्यानंतर टीडी. साधी सर्दी किंवा खोकला हे डोस पुढे ढकलायचं कारण नाही.

ताप येतो, खरं आहे. तो मुख्यतः डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल वजनावर द्या, किलोला १५ मिलिग्रॅम. इथे एक धोक्याची चूक होते. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या ५ मिलीत १२५ किंवा २५०. सिरपचा चमचा समजून थेंबांचं औषध ५ मिली पाजलं, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. लेबल वाचा. टोचलेली जागा चोळू नका.

आता घटसर्प कसा दिसतो ते. ताप फार नसतो, घसा दुखतो, गिळवत नाही. टॉर्च लावून बघितलं तर टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पापुद्रा, पडजिभेकडे सरकत गेलेला. तो घट्ट चिकटलेला असतो, खरवडला तर रक्त येतं, म्हणून घरी हात लावू नका. मान दोन्ही बाजूंनी सुजली किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

घाई एवढ्यासाठी की पेनिसिलिन जंतू मारतं, विष नाही. विषावर उतारा अँटिटॉक्सिनचा, आणि तोही फक्त रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषावर. हृदयाच्या किंवा नसांच्या पेशींत शिरलेल्या विषाला तो काही करू शकत नाही. म्हणून घशाच्या नमुन्याचा अहवाल यायची वाट न बघता तो देतात. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, सहज कुठेही मिळत नाही, आणि आधी ॲलर्जीची चाचणी करावी लागते. घसा बरा दिसला तरी हृदयाचे ठोके बिघडायचा धोका एक-दोन आठवड्यांनीही असतो. पाणी पिताना नाकातून येऊ लागलं, तर टाळूच्या नसा लुळ्या पडल्यात असं समजा.

घरातल्या सगळ्यांना, लक्षणं नसली तरी, प्रतिजैविक द्यावं लागतं आणि त्यांचे राहिलेले डोसही. बरं होऊन आलेल्या मुलालासुद्धा लस द्यायचीच, कारण आजार होऊन गेल्याने पुढचं संरक्षण मिळेलच असं नाही.