अंध मुलीला कॉम्प्युटर कशाला, असं विचारणाऱ्यांना

'अंध मुलांच्या पालकांनो, कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या नादी लागू नका' असा एक मेसेज सध्या फिरतोय. फिरू दे म्हणून सोडला असता, पण तो माझ्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिने लेकीच्या क्लासची फी भरायचं थांबवलं. भाची यंदा बारावी झाली, तिला जन्मापासून दिसत नाही. तेव्हा उत्तर देणं आलं.

मेसेज म्हणतो, 'स्क्रीनच दिसत नाही तर कॉम्प्युटर चालवणार कसा?' एखाद्या अंध विद्यार्थ्याला विचारलं असतं तर पुढचं टाइप करायचे कष्ट वाचले असते. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतं आणि काम माउसऐवजी कीबोर्डवर चालतं. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमध्ये वेबपेज वाचताना एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. हे एनव्हीडीए 2006 साली लिहायला घेतलं ते ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन याने. तो स्वतः अंध आहे. आणि आपण अजून 'चालवणार कसा' इथेच!

'सॉफ्टवेअर फार महाग असतं.' जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर महाग आहे. एनव्हीडीए फुकट आहे. पुढे.

'मोबाइल बोलतो, एआय सगळं सांगतं, मग शिकायचं काय?' सगळ्यात घातक मुद्दा हा, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. बहिणीला पटला तोही हाच. मोबाइलवर निरोप ऐकणं वेगळं. शीर्षकं, तक्ते नीट लावून अहवाल तयार करणं आणि मेलने पाठवणं वेगळं. पगार या दुसऱ्या कामाचा मिळतो. एआयने चित्राचं वर्णन चुकीचं केलं तर ते पडताळायचं कसं, हेही शिकावंच लागतं. आणि डोळस मुलांना हा सल्ला कोण देतं? भाचीच्या भावाच्या मोबाइलमध्येही एआय आहे. त्याची एमएस-सीआयटीची फी मात्र कुणालाही न विचारता भरली गेली.

'बऱ्याच वेबसाइट त्यांना वापरताच येत नाहीत.' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. बटणाला नाव दिलेलं नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं 'बटन, बटन' म्हणत राहतो. कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं, चित्राचा असला की अर्ज तिथेच अडतो. मराठीत तर सूचना स्कॅन करून फोटोसारख्या चढवतात, नाहीतर युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. मग कानावर एकतर काहीच पडत नाही, नाहीतर पडतो तो निव्वळ गोंधळ. पण हा दोष मुलीचा की अर्ज बनवणाऱ्याचा? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना ऑनलाइन केवायसी करता येत नव्हती, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं जायचं. त्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला निकाल दिला: डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत 20 निर्देशही दिले. त्याने सगळं उद्याच सुधारेल असं नाही. पण अर्ज कुठे अडला हे ओळखून तक्रार करायची, तरी कॉम्प्युटर यावा लागतो.

राहिलं शेवटचं, 'त्यापेक्षा खुर्च्या विणायला शिकवा.' ज्याला आवडेल त्याने जरूर शिकावं. भाचीला बीकॉम करून बँकेत जायचंय. तिथे खुर्ची विणायची नसते, खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर काम करायचं असतं.