'सरकारी जावई' म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक,

अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरांच्या पगारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सरकारी जावई रडगाणं गातोय. बसल्या जागी दरवर्षी पगार वाढतो. वर पेन्शन, विमा. फ्रीझमध्येही स्टेप मिळतच होत्या, ते सोयीस्कर विसरलात. आणि वाढ १ जानेवारीला लागत नाही." (इतर वाचकांसाठी: स्टेप म्हणजे ग्रेडमधली पगाराची पायरी, फ्रीझ म्हणजे सरसकट वाढ गोठवलेली वर्षं.)

शेवटचं आधी घेतो, कारण ते बरोबर आहे. वाढ लागते ती १ जानेवारीला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पगार-पंधरवड्यापासून. लेखात मी नुसतं १ जानेवारी लिहिलं, ती चूक माझी. चांगलं सांगितलं तर मी ऐकतो, एवढं यावरून लक्षात यावं.

पण 'सरकारी जावई'? माझ्या सासऱ्यांनी मला कधी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन लिहायला लावलं नाही. इथे दरवर्षी लिहावं लागतं, आणि काम समाधानकारक ठरलं नाही तर स्टेप अडते. ओळख ना पाळख, नाव लपवून टोमणा मारायचा, ही कुठली रीत?

आता तुमचं 'दरवर्षी'. जीएस (जनरल शेड्यूल) या फेडरल वेतनश्रेणीत १५ ग्रेड, प्रत्येकात १० स्टेप. पहिल्या तीन उड्या वर्षावर्षाने, पुढच्या तीन दोन-दोन वर्षांनी, शेवटच्या तीन तीन-तीन वर्षांनी. बढती मिळाली नाही तर पहिलीपासून दहावीपर्यंत १८ वर्षं. पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ साली मी जीएस-१२ च्या पहिल्या स्टेपला लागलो. मग २०१०, ११, १२, १४, १६, १८, २१, २४. आज नववीवर आहे. दहावी २०२७ साली, आणि त्यानंतर स्टेपच नाही. शिवाय स्टेप ठरावीक डॉलरची असते, टक्क्यांची नाही. सुरुवातीला ती मूळ पगाराच्या ३.३ टक्के भरते, शेवटची जेमतेम २.६. याला तुम्ही बसल्या जागी म्हणता!

आणि सरसकट वाढ? १९९० च्या कायद्यात सूत्र आहे: खासगी क्षेत्रातल्या पगारवाढीचा निर्देशांक, त्यातून अर्धा टक्का वजा. शिवाय शहरागणिक लोकॅलिटी, म्हणजे ठिकाणानुसार मूळ पगारावर मिळणारी भर. वॉशिंग्टन भागात ती आज मूळ पगाराच्या सुमारे ३४ टक्के आहे, सॅन फ्रान्सिस्कोला त्याहून बरीच जास्त. पण ऑगस्टअखेर राष्ट्राध्यक्ष पर्यायी आकडा सुचवू शकतात, आणि जवळजवळ दरवर्षी सुचवतात. २०२१ ला १ टक्का. २०२२ ला लोकॅलिटी धरून सरासरी २.७, आणि त्याच वर्षी जूनमध्ये महागाई ९.१ टक्के. माझे वडील रेल्वेत होते. जानेवारी-जुलैचा डीए जाहीर झाला की आई वाण्याची उधारी चुकती करायची. उशीर झाला तरी थकबाकी हातात पडायची. इथल्या पगाराला महागाईशी बांधणारा असा दोरच नाही. हे मी दोन्हीकडचं पाहिलंय, तुम्ही काय पाहिलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही.

फ्रीझचं म्हणाल तर, हो, २०११ ते २०१३ सरसकट वाढ शून्य होती आणि मला ११ व १२ साली स्टेप मिळाली. वरच्या यादीत ती वर्षं आहेतच, लपवलेली नाहीत. मूळ लेखात राहून गेलं, एवढंच. त्यावरून 'सोयीस्कर' म्हणायचं कारण नव्हतं.

पेन्शन आणि विमा हा वेगळा विषय आहे. दोन्हींसाठी माझ्या पगारातून कापून जातं, पण त्यात इथे शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. १ जानेवारीची ओळ आज रात्री दुरुस्त करतो. फ्रीझबद्दल एक वाक्य घालायचं की नाही, ते बघू.