वसतिगृह सोडणाऱ्यांस काही उपयुक्त सूचना

शेवटचा पेपर झाला आहे, उद्या सकाळी खोलीची किल्ली परत करायची आहे आणि सामानाचे काय करावे हा प्रश्न आपणांस आत्ता प्रथमच पडला असेल, तर आपले अभिनंदन. अर्धे काम झालेच आहे. देवाणघेवाण करायची तर दोन आठवडे आधी कपाट आवरावे लागते, शेजारच्या खोलीत विचारावे लागते आणि प्रसंगी शेजाऱ्याचे नावही माहीत करून घ्यावे लागते. त्यापेक्षा मध्यरात्री चालू स्थितीतील इस्त्री, दोनदाच उघडलेले पाठ्यपुस्तक आणि अख्खी गादी कचरापेटीशेजारी ठेवून निघून जावे.

नव्या सत्रात नवे विद्यार्थी याच खोल्यांत हीच इस्त्री आणि हीच गादी विकत घेऊन येणार, हे खरे आहे. मधले दोन-तीन महिने सामान ठेवण्यासाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली मिळाली तर हा सारा प्रकार थांबेल. म्हणून तशी खोली कोणी मागणार नाही, याची दक्षता घ्यावी. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठात विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये नेमके हेच सुरू केले: जाणाऱ्यांचे सामान गोळा करून उन्हाळाभर साठवायचे आणि येणाऱ्यांना स्वस्तात विकायचे. असली उदाहरणे वसतिगृहाच्या समितीपुढे येऊ देऊ नयेत.

दान करावेच लागले, तर ते शास्त्रशुद्ध असावे. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी वस्तू देण्यात कसले आले कौशल्य? जोडीतला एकच बूट द्यावा, झाकण हरवलेला डबा द्यावा. कपडे न धुता, शक्यतो ओलसरच पिशवीत कोंबावेत, म्हणजे एका सदऱ्याची बुरशी बाकीच्यांनाही लागते आणि सगळेच फेकावे लागल्यामुळे स्वयंसेवकांचे निवडण्याचे श्रम वाचतात. उपकरण चालते की बंद आहे, याची चिठ्ठी लावू नये; चार्जर मात्र आठवणीने दुसऱ्याच पेटीत टाकावा. जुना लॅपटॉप देताना आपली छायाचित्रे आणि पासवर्ड पुसू नयेत, कारण दान कसे सर्वस्वाचे असावे. फुगलेली लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात गुपचूप सरकवावी. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेटलीच, तर तोवर आपण गावी पोहोचलेले असू.

मन खाऊ लागल्यास आकडे आठवावेत. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. एवढ्या गर्दीत आपला एक हेअर ड्रायर कोणाला दिसणार!

संस्थाचालकांनीही मागे राहू नये. सामान साठवायला खोली नसली तरी जनजागृती सप्ताहाला सभागृह असतेच. त्यात पुनर्वापरावर भाषणे ठेवावीत आणि प्रत्येक श्रोत्याला संस्थेचे बोधचिन्ह छापलेली कोरी करकरीत कापडी पिशवी भेट द्यावी. सत्राअखेरीस दानपेटीत त्याच सर्वांत जास्त निघतात.